शोतोकानमधून गोजू-ऱ्यूमध्ये जाताना दोन वर्षांचा सराव वाया जातो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची दहा वर्षांची मुलगी नाशिकला दोन वर्षे शोतोकान कराटे शिकली आणि हिरव्या पट्ट्यापर्यंत पोहोचली. बदलीमुळे आता तुम्ही ठाण्याला आला आहात, घराजवळच्या वर्गाच्या पाटीवर गोजू-ऱ्यू असे लिहिले आहे आणि तिथले सर पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करायला सांगत आहेत. दोन चौक पुढे तायक्वांदोचा वर्ग आहे, तिथे मात्र हिरवा पट्टा तसाच ठेवू असे म्हणतात. ऱ्यू, कान, दो हे शब्द नेमके काय सांगतात, आणि मुळात हे सगळे एकच असून केवळ पाट्या वेगळ्या आहेत का, असे तुम्ही विचारले आहे.

शब्दांचे अर्थ मी सांगतोच, परंतु तुम्हाला खरी काळजी मुलीच्या दोन वर्षांची आहे असे तुमच्या प्रश्नावरून वाटते. त्याचे सरसकट उत्तर देता येत नाही. नाशिकच्या वर्गात तिचा पाया कसा घडला, ठाण्याचे सर प्रत्यक्षात काय शिकवतात आणि मुलीला स्पर्धा खेळायच्या आहेत की नाहीत, या तीन गोष्टींवर ते अवलंबून आहे. मी सव्वीस वर्षे कराटे शिकवतो आहे. त्यापूर्वीची माझी सगळी घडण शोतोकानची होती आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी गोजू-ऱ्यूच्या वर्गात पांढरा पट्टा बांधून शेवटच्या रांगेत उभा राहिलो. म्हणजे तुमच्या मुलीपुढे आज जो पेच आहे, तो मी स्वतः अनुभवलेला आहे, फक्त माझे गुडघे तिच्यापेक्षा बरेच जुने होते.

आधी पाटी वाचायला शिकू. कराटेच्या पाटीवर बहुधा चार-पाच वेगवेगळ्या प्रकारची नावे एकाच ओळीत लिहिलेली असतात आणि तिथेच पालकांचा गोंधळ होतो. ‘कराटे’ हे विद्येचे नाव आहे. ‘ऱ्यू’ म्हणजे प्रवाह, एका गुरूपासून निघालेली शिकवणीची धारा. आपल्याकडच्या गायकीतले घराणे हा त्याला सर्वांत जवळचा शब्द. ‘कान’ म्हणजे वास्तू किंवा सभागृह, म्हणजे आपल्या तालमीची इमारत म्हणा. ‘काई’ म्हणजे मंडळ किंवा संघटना, आणि ‘हा’ म्हणजे मूळ प्रवाहातून फुटलेली शाखा. राग यमन एकच असतो, परंतु ग्वाल्हेरचा गायक तो एका रीतीने मांडतो आणि किराण्याचा गायक दुसऱ्या रीतीने. तसेच काहीसे इथे आहे. मात्र ज्या मंडळाने गाण्याची परीक्षा घेतली त्या मंडळाचे नाव आपण घराण्याचे नाव म्हणून कधी सांगत नाही. कराटेत ही गल्लत रोज होते आणि तुमच्या मुलीच्या पट्ट्याचा प्रश्न नेमका या गल्लतीतून निर्माण झालेला आहे. हिरवा पट्टा कराटेने दिलेला नाही आणि शोतोकाननेही दिलेला नाही, तो एका संघटनेने दिलेला आहे.

‘शोतोकान’ या शब्दात ऱ्यू नाही, कान आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. गिचिन फुनाकोशी हे ओकिनावा बेटावरचे शिक्षक 1922 मध्ये प्रात्यक्षिकासाठी तोक्योला गेले आणि तिथेच राहिले. ‘शोतो’ हे त्यांचे कविता लिहिण्याचे टोपणनाव होते. पाइन वृक्षांतून वारा वाहताना उठणाऱ्या लाटा असा त्याचा अर्थ. 1930 च्या दशकाच्या अखेरीस शिष्यांनी त्यांच्यासाठी तालीम बांधली आणि तिला ‘शोतोची वास्तू’ असे नाव दिले. ती इमारत 1945 च्या हवाई हल्ल्यात जळून गेली, नाव मात्र शैलीला चिकटले. फुनाकोशी स्वतः आपण शिकवतो ते केवळ कराटे-दो आहे असेच म्हणत.

‘गोजू-ऱ्यू’ची कथाही अशीच आहे. या शैलीचे संस्थापक चोजुन मियागी यांचे शिष्य जिन्आन शिन्झातो यांना 1930 मध्ये तोक्योतील एका प्रात्यक्षिकानंतर कोणीतरी विचारले की तुमची शैली कोणती. ओकिनावात असा प्रश्न कोणी विचारत नसे, त्यामुळे त्यांच्यापाशी नावच नव्हते. पुढे मियागींनी ‘बुबिशी’ या जुन्या चिनी संग्रहातील एका ओळीतून नाव निवडले. श्वास आत घेणे आणि बाहेर सोडणे म्हणजेच कठोर आणि मृदू, अशा आशयाची ती ओळ आहे. गो म्हणजे कठोर, जू म्हणजे मृदू. केन्वा माबुनी यांनी आपल्या दोन गुरूंच्या, म्हणजे इतोसु आणि हिगाओन्ना यांच्या, आडनावांतील पहिली चित्राक्षरे वेगळ्या उच्चाराने जोडून शितो-ऱ्यू हे नाव केले. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धविद्येचे जाणकार असलेले हिरोनोरी ओत्सुका फुनाकोशींकडे कराटे शिकले आणि दोन्हींच्या मेळातून वादो-ऱ्यू निघाली. आज जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धांत या चार शैली प्रमुख मानल्या जातात.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की शैलींची नावे विद्येपेक्षा बरीच नंतरची आहेत. त्याआधी ओकिनावात शुरी, नाहा आणि तोमारी या गावांच्या नावाने ‘ते’ म्हणजे हात ओळखला जाई: शुरी-ते, नाहा-ते, तोमारी-ते. ही तिन्ही ठिकाणे आज एकाच नाहा शहरात आहेत, म्हणजे अंतर म्हणाल तर पुण्यातल्या पेठांसारखे. शोतोकानचे मूळ प्रामुख्याने शुरीकडे जाते, गोजू-ऱ्यूचे नाहाकडे. दोन्हीकडची माणसे एकमेकांना ओळखत होती आणि माबुनींसारखे काही जण दोन्हीकडे शिकत होते. त्यामुळे ‘सगळे एकच आहे का’ या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की कूळ एकच आहे, पण शरीराला लागणाऱ्या सवयी एक नाहीत.

तो फरक कुठे जाणवतो ते जरा तपशिलाने सांगतो, कारण तुमच्या मुलीला पहिले तीन महिने तोच त्रास देणार आहे. शोतोकानमध्ये तिने झेन्कुत्सु-दाची हा लांब पवित्रा शेकडो वेळा घेतला असेल: पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, वजन पुढच्या पायावर थोडे अधिक. ठोसा मारताना कंबर आडवी असते ती समोर वळते आणि त्या वळण्यातून जोर येतो. गोजू-ऱ्यूमध्ये तिला पहिल्या दिवसापासून सान्चिन-दाची भेटेल. त्यात पाय खांद्यांइतके रुंद, पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या अंगठ्याच्या रेषेत, पावले किंचित आत वळलेली, गुडघे थोडे वाकवून आत ओढलेले आणि कंबर खालून उचललेली असते. इथे कंबर समोरच राहते. जोर जमिनीतून, घट्ट धरलेल्या पोटातून आणि श्वासातून आणायचा असतो.

मी पहिल्यांदा सान्चिनमध्ये ठोसा मारला तेव्हा माझी कंबर जुन्या सवयीने गर्रकन वळली. माझे गुरू काही बोलले नाहीत. ते समोर येऊन उभे राहिले, माझ्या पट्ट्याची गाठ दोन बोटांत धरली आणि ‘इची’, म्हणजे ‘एक’, म्हणाले. मी ठोसा मारला, गाठ त्यांच्या बोटांतून सुटली. त्यांनी ती पुन्हा धरली. त्या संध्याकाळी ती गाठ किती वेळा सुटली ते मी मोजले नाही, पण गाठ न सुटता दहा ठोसे मारायला मला जवळपास दोन महिने लागले. माझ्याबरोबर त्याच आठवड्यात आलेल्या एका कोऱ्या मुलाला ते पंधरा दिवसांत जमले, कारण त्याला काही विसरायचे नव्हते. पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करा असे जे सर म्हणतात, त्यांच्या मनात बहुधा हाच अनुभव असतो. तो अपमान समजू नये.

दुसरा फरक ‘उके’चा. आपल्या वर्गांतली मुले सर्रास ब्लॉक म्हणतात आणि मीही अनेक वर्षे तसेच म्हणत असे. जपानी ‘उकेरु’ या क्रियापदाचा अर्थ मात्र घेणे, झेलणे असा आहे. अडवणे आणि झेलणे यांत किती अंतर आहे हे क्रिकेट खेळणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. शोतोकान लांब अंतरावरून खेळते, त्यामुळे तिथे उके आदळल्यासारखा दिसतो. गोजू-ऱ्यू जवळ जाते; तिथे हात समोरच्याच्या हाताला चिकटतो, गोल फिरतो आणि त्याला आपल्या बाजूला वळवतो. काकिए नावाचा जोडीचा सराव याच साठी आहे: दोघे मनगटाला मनगट लावून उभे राहतात आणि ढकलण्यात व सोडण्यात समोरच्याचा तोल शोधतात. तुमच्या मुलीला हा भाग आवडेल असा माझा अंदाज आहे, कारण त्यात मोठे बळ लागत नाही आणि लहान मुलांना तो खेळासारखा वाटतो.

तिसरा फरक कातांचा, म्हणजे ठरावीक हालचालींच्या मालिकांचा. काता या शब्दाचा मूळ अर्थ साचा. हिरव्या पट्ट्यापर्यंत तिने हेइआन मालिकेतील दोन-तीन काता केल्या असतील. आंको इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कराटे ओकिनावातील शाळांत नेले तेव्हा त्यांनी मुलांसाठी पाच काता बसवल्या. त्यांचे मूळ नाव पिनान. फुनाकोशींनी त्यांना हेइआन म्हटले आणि पहिल्या दोघींचा क्रम बदलला, म्हणजे शोतोकानची पहिली हेइआन ही इतरांची दुसरी पिनान आहे. शितो-ऱ्यू किंवा वादो-ऱ्यूमध्ये गेलेल्या मुलांची यावरून हमखास फजिती होते. कुशान्कूचे कान्कू, नाइहान्चीचे तेक्की, वान्शूचे एन्पी ही नावेही फुनाकोशींच्याच काळात बदलली. गोजू-ऱ्यूच्या अभ्यासक्रमात मात्र पिनान मालिका सहसा नसते. तिथे तुमची मुलगी गेकिसाई दाई इची शिकेल. मियागींनी ती 1940 मध्ये नवशिक्यांना आणि शाळकरी मुलांना झेपावी म्हणून रचली, आणि हेइआन येणाऱ्या मुलाला ती अवघड जात नाही असे मी पाहिले आहे. सान्चिनमधला आवाज करून ओढलेला जोरकस श्वास मात्र मी माझ्या वर्गात लहान मुलांना शिकवत नाही, साधा श्वास ठेवतो. ठाण्याचे सर काय करतात ते एकदा बसून पाहा.

एवढ्यावरून ध्यानात येईल की पवित्रा, उके आणि काता बदलतील. तोल, ताल, अंतराचा अंदाज, समोर माणूस उभा असताना डोळे उघडे ठेवण्याची सवय आणि ऐकून लगेच कृती करण्याची शिस्त मात्र तिच्या शरीरात आहे. कुमितेचे, म्हणजे समोरासमोरच्या लढतीचे, स्पर्धेतले नियम जागतिक महासंघाच्या पद्धतीत सर्व शैलींना सारखेच आहेत: ठोशाला एक गुण, धडावरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन. शोतोकानची मुलगी आणि गोजूची मुलगी एकाच वर्गवारीत खेळतात. तेव्हा ती नाशिकला कुमिते शिकली असेल तर ते जवळजवळ जसेच्या तसे उपयोगी पडेल.

आता पट्ट्याकडे येऊ. क्यू म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्या आणि दान म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पायऱ्या; ही श्रेणींची पद्धत कराटेची मूळची नाही. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान स्थापून जूदो सुरू केला, आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना दान श्रेणी दिली. कराटेत फुनाकोशींनी पहिले दान 1924 मध्ये दिले. रंगीत पट्टे तर आणखी नंतरचे. मिकिनोसुके कावाइशी यांनी 1930 च्या दशकात पॅरिसमध्ये जूदो शिकवताना ते युरोपात रुजवले. क्यू उतरत्या क्रमाने मोजतात, दान चढत्या. पहिल्या दानाला ‘इचीदान’ न म्हणता ‘शोदान’ म्हणतात, आणि ‘शो’चा अर्थ आरंभ असा आहे. कोणत्या क्यूला कोणता रंग हे प्रत्येक संघटना आपापले ठरवते. माझ्या आधीच्या संघटनेत हिरवा पट्टा सहावा क्यू होता, आताच्या संघटनेत तो चौथा आहे. ती आधीची संघटना पुढे फुटली आणि माझी दोन प्रमाणपत्रे दोन्ही गटांनी अमान्य केली. पंधरा वर्षांच्या सरावाचे कागद कपाटात पडून राहिले, याचे मला बरेच दिवस वाईट वाटत होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझी लाथ आदल्या दिवशी जात होती तितक्याच उंचीवर गेली.

तायक्वांदोच्या वर्गाबद्दल. ती कमी प्रतीची विद्या आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. नाव 1955 मध्ये कोरियात ठरले. ‘ताए’ म्हणजे पाय, ‘क्वोन’ म्हणजे मूठ, ‘दो’ म्हणजे मार्ग. ते नाव सुचवणारे चोई होंग ही तरुणपणी जपानमध्ये कराटे शिकलेले होते, त्यामुळे सुरुवातीच्या साच्यांत शोतोकानची छाया स्पष्ट दिसते. सरावाच्या जागेला म्हणतात तो जपानी दोजो आणि कोरियन दोजांग, क्यू आणि कुप, ही एकाच चिनी अक्षरांची दोन वाचने आहेत. परंतु गेल्या सत्तर वर्षांत तायक्वांदो पायाच्या दिशेने फार लांब गेला आहे. ऑलिंपिक पद्धतीच्या लढतीत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही, धडावरच्या ठोशाला एकच गुण मिळतो आणि खरे गुण लाथांना आहेत. कराटेत दोन वर्षे चेहऱ्याचे रक्षण शिकलेल्या मुलीचे हात तिथे हळूहळू खाली येतील. तिला उंच लाथांची आवड असेल, अंग लवचीक असेल, 2000 पासून ऑलिंपिकमध्ये असलेला खेळ खेळायचा असेल, तर जरूर पाठवा. कराटे तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये होते, पॅरिसला नव्हते, हेही लक्षात असू द्या. परंतु केवळ पट्टा तसाच राहतो म्हणून तिथे पाठवू नका. जी विद्या ती शिकलेलीच नाही त्या विद्येतला हिरवा पट्टा पहिल्या दिवशी मिळत असेल, तर तो पट्टा नेमके काय मोजतो हे त्या सरांनाच विचारायला हवे.

राहिला ‘दो’. चिनी ‘दाओ’चे हे जपानी रूप आहे, अर्थ मार्ग. ‘जुत्सू’ म्हणजे तंत्र. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जुजुत्सूचा जूदो आणि केन्जुत्सूचा केन्दो होत गेला, कारण लढाईची गरज संपल्यावर या विद्यांना शिक्षण म्हणून जागा हवी होती. कराटेचेही तेच झाले. ‘चिनी हात’ असा अर्थ असलेली जुनी अक्षरे जाऊन ‘रिकामा हात’ ही अक्षरे आली आणि 25 ऑक्टोबर 1936 रोजी नाहा येथील गुरूंच्या बैठकीत तीच स्वीकारली गेली. ‘दोजो’ म्हणजे मार्गाची जागा. ज्या बौद्ध शब्दाचे ते भाषांतर आहे तो आपल्याला परका नाही: बोधिमंड, बुद्धाला ज्ञान झाले ती जागा. पालकांना मी हे सांगतो ते दोजोच्या दारात चपला काढायला लावताना, कारण एरवी त्याचा उपयोग नाही.

उच्चारांची चिंता करू नका. मराठी मुलांना ते सोपे जातात. ‘त्सुकी’ म्हणजे ठोसा; त्यातला त्सु आपल्या चुलीतल्या चसारखा आहे, जोडशब्दात त्याचा ‘झुकी’ होतो तो जात्यातल्या जसारखा, आणि ‘ऱ्यू’ हा दऱ्याखोऱ्यांतला ऱ्य आहे, सूर्यातला र्य नव्हे. शब्दाच्या पोटात गेल्यावर केरीची (लाथेची) गेरी आणि ताचीची (पवित्र्याची) दाची होते एवढे मुलीला सांगून ठेवा, म्हणजे दोन वर्गांतले शब्द वेगळे वाटले तरी ती बिचकणार नाही.

माझा सल्ला असा. मुलगी गोजू-ऱ्यूच्या वर्गात जाऊ दे, पांढरा पट्टा बांधू दे. तत्पूर्वी सरांना एकांतात भेटा, नाशिकची श्रेणीपुस्तिका दाखवा आणि दोनच गोष्टी विचारा. पहिली, तीन महिन्यांनी तिचे काम पाहून तिला एकाहून अधिक श्रेणी पुढची परीक्षा देता येईल का. दुसरी, मधल्या प्रत्येक पट्ट्याचे परीक्षाशुल्क भरावे लागेल का. पहिल्याला ‘पाहून सांगतो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर आले तर निश्चिंत राहा. तीन महिन्यांत काही न पाहता ‘होईल, होईल’ म्हणाले, किंवा सगळे पट्टे क्रमाने विकत घ्यायला सांगितले, तर दुसरा वर्ग शोधा, मग तो कोणत्याही ऱ्यूचा असो. मुलीला मात्र हे सगळे सांगू नका. तिला इतकेच सांगा की नव्या वर्गात कंबर वळवायची नाही आणि सर पट्ट्याची गाठ धरतील तेव्हा हसायचे नाही.